गाऱ्हाण्यातला पत्ता

मी आईच्या पोटची नाही ही गोष्ट मला नवव्या वर्षी कळली, आणि कळल्याबरोबर मी त्या गोष्टीला मोठ्याने होकार दिला. खोलीतल्या सगळ्यांनी दिला म्हणून मीही दिला. अंगात एकशेतीन ताप होता, एवढी एकच सबब माझ्याकडे आहे.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगावं लागेल. आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्यात कोणी आजारी पडलं, कोणाला नोकरी लागली किंवा लागत नसली, की देवापुढे नारळ ठेवायचा. मग घरातला वडीलधारा पुरुष उभा राहून देवाला सगळी हकिगत तोंडी सांगतो. हे बोलणं स्तोत्रासारखं नसतं. बँकेच्या खिडकीपाशी आपण कारकुनाला आपली अडचण सांगतो ना, तसं असतं. सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." म्हणजे, हो महाराज, हा सांगतो ते खरं आहे, आम्ही साक्षीला आहोत.

आमच्याकडे हे काम थोरल्या काकांचं होतं. ते बाबांचे मोठे भाऊ. गावी राहून घरचा देव सांभाळायचे आणि वर्षातून एकदा कोकमं आणि कुळथाचं पीठ घेऊन मुंबईला यायचे. आले की लालबागपासून मुलुंडपर्यंत जेवढे नातेवाईक होते तेवढ्यांची गाऱ्हाणी घालून परत जायचे. त्यांच्या मते गाऱ्हाण्याचे नियम दोनच. एक, बाईमाणसाने घालायचं नाही. दोन, त्यात खोटं बोलायचं नाही. दुसऱ्या नियमाचं कारण ते फार व्यवहारी सांगत.

"पत्तो नीट सांगूक व्हयो," ते म्हणत. "नायतर बरो व्हतलो शेजारचो."

म्हणजे ज्याच्यासाठी मागायचं तो कोण, कुठला, कोणाचा, हे देवाला अचूक सांगायचं. पत्ता चुकला तर मदत भलत्याच घरी जाते. काकांच्या सांगण्याप्रमाणे गावात असं एकदा झालंही होतं, आणि ज्याला विनाकारण गुण आला त्या माणसाशी ते अजून बोलत नव्हते.

आम्ही कांजूरमार्गला टेकडीखालच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. बाबा आधी लालबागला गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली आणि ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लेथवर लागले. आई मुलुंडला एका प्रसूतिगृहात आया होती. आई सावळी, बाबा तिच्याहून दोन छटा पुढे, आणि त्यांचं नाक असं की चष्म्याला उतरायला घाट लागावा. आणि मी पिवळसर गोरी, बारीक डोळ्यांची, बसक्या नाकाची. केस इतके सरळ की वेणी घातली की दुपारपर्यंत आपणहून सुटायची. कोणी विचारलं तर आई सांगायची, "बाबांच्या आजीर गेला ह्या." त्या पणजीचा एकही फोटो नव्हता. आईची ती मोठी सोय होती.

मलाही हे पटलेलं होतं. लहानपणी माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, समोरच्यांचे दिसतात, त्यामुळे मी घरातल्या बाकी सगळ्यांसारखीच दिसते असं मी धरून चालले होते.

नवव्या वर्षी मला टायफॉइड झाला. आठवडाभर ताप उतरेना तेव्हा काकांना गावाहून बोलावून घेतलं. लालबागची दोन चुलत घरंही आली. मला भिंतीला टेकवून बसवलं, पाटावर नारळ ठेवला, त्यावर जास्वंद ठेवली आणि काका उभे राहिले. मालवणीत मुलगी म्हणजे चेडू आणि आई म्हणजे आवस.

"बा देवा म्हाराजा, माझ्या भावाचा चेडू आठ दिस तापान भाजता हा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या चेडू आमच्या रक्ताचा नाय. खंयच्या डोंगरातल्या आवशीचा, ता आमका म्हायत नाय. पण माझ्या भावजयन ता पदरात घेतल्यान आणि तुझा नाव घेवन वाढवल्यान."

"व्हय म्हाराजा."

तापामुळे मी अर्ध्या मात्रेने मागे पडले होते. सगळ्यांचं म्हणून संपलं आणि मग माझा एकटीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." लालबागच्या काकूने पदर तोंडाला लावला. आई नारळाकडे बघत राहिली. काकांनी घसा खाकरला आणि पुढे माझ्या पोटाबद्दल, भुकेबद्दल जे काय मागायचं ते मागितलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांचं औषध पाच दिवसांपासून चालू होतं, पण श्रेय पत्त्याला गेलं.

मी आईला विचारलं, "आये, रक्ताचा नाय म्हणजे काय?" ती सुपात तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला आणि म्हणाली, "तापात कायपण ऐकाक येता. जेव." मी जेवले. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या आवशीक इचार." ही दोन उत्तरं मला पुढची सात वर्षं आलटूनपालटून मिळत राहिली.

आता मात्र मी बघायला लागले होते, आणि बघायला लागल्यावर दिसायला काही कमी नव्हतं. बाजारात भाजीवाला आईशी मराठीत बोलायचा आणि माझ्याकडे वळून हिंदीत. टोपली घेऊन दारावर येणारी कोळीण मला "ए नेपाळी" म्हणायची. एकदा मी तिला म्हटलं, "बांगडे ताजे आसत काय गे? डोळे बघ कशे झालेत ते." तिने टोपली खाली ठेवली आणि आत बघून ओरडली, "गो बाय, ही तर आपल्यासारखी भांडते!" त्या दिवशी तिने दोन बांगडे जास्त दिले. मला ते आवडले नाहीत, म्हणजे मिळाले ते आवडलं नाही. खाल्ले मात्र.

खंडेनवमीला बाबांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना बोलावत. दहाव्या वर्षी मी बाबांबरोबर मरोळला गेले. फाटकावर एक गुरखा होता, म्हातारा, हसऱ्या तोंडाचा. मला बघून तो स्टुलावरून उठलाच. माझ्यासमोर वाकून त्याच्या भाषेत कितीतरी बोलला. खूप दिवसांनी कोणी भेटावं तसं बोलत होता. मला एक शब्द कळला नाही. तो थांबला तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "माका कळाक नाय." कुलूप उघडलं नाही की आपण किल्लीकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. बाबांनी मला दंडाला धरून आत नेलं आणि लेथवरचा पेढा दिला. घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. पुढच्या वर्षीपासून मी मरोळला गेले नाही.

आईचं एक वागणं मला फार दिवस उलगडलं नव्हतं. रस्त्यात कुठे गुरखा दिसला, किंवा माझ्या चेहऱ्याची एखादी बाई समोरून आली, की आई माझा हात घट्ट धरून रस्ता ओलांडायची. पलीकडे काही काम नसायचं. तिथे गेल्यावर ती कुठल्यातरी दुकानाची पाटी वाचायची आणि मग परत अलीकडे यायची. आणि दुसरं म्हणजे आमचं दार. चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. लावलं तर आत काहीतरी चाललंय असं धरतात. आमचं दार मात्र मी घरात असले की आतून कडी घालून बंद. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, आत जीव नकोसा व्हायचा, पण कडी निघत नसे. शेजारच्या काकू आम्हाला "बंगलेवाले" म्हणायच्या. मी आईला कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "मांजर येता." आमच्या चाळीत मांजर नव्हतं.

शाळेत माझा चेहरा उपयोगी वस्तू होता. वेशभूषा स्पर्धेत मी तीन वर्षं ओळीने जपानी बाहुली झाले. शेजारच्या काकूंचा फुलाफुलांचा गाऊन, आईची ओढणी कमरेला, अंबाड्यात दोन विणायच्या सुया. दोनदा पहिला नंबर आला. तिसऱ्यांदा दुसरा आला, कारण एक मुलगा टेलिफोनचा डबा झाला होता. पाचवीत बाईंनी राष्ट्रीय एकात्मतेचं नाटुकलं बसवलं. पंजाब झालेल्या मुलीला मिशी लावावी लागली, बंगालला कुंकवाचा मोठा टिळा. माझ्याकडे बघून बाई म्हणाल्या, "तुला काही करायला नको, तू आहेसच." मी ईशान्य भारत होते. मला एक वाक्य होतं, "आमच्याकडे चहाचे मळे आहेत." आमच्याकडे चहा दोन वेळा होत असे, तोही आई मोजून करायची.

याचं मला फार वाईट वाटत होतं असं नाही. बक्षिसं मिळत होती. वाईट वाटलं ते सातवीत, बाकावरच्या जागेवरून भांडण झालं तेव्हा. ती मुलगी आमच्याच चाळीच्या मागच्या ओळीत राहायची.

"ए चिनी, सरक ना! जास्त शायनिंग मारू नको. तुला टाकली होती, माहितीय सगळ्यांना. मुलुंडच्या डम्पिंगवरनं उचलून आणलीय. माझी आई सांगते."

मी तिच्या थोबाडीत मारली. तिनेही मारली. बाईंनी दोघींना उभं केलं आणि विषय संपला. पण तो शब्द माझ्याबरोबर घरी आला. डम्पिंगचं मला काही वाटलं नाही, ते तिने रागात जोडलं होतं हे मलाही कळत होतं. "टाकली" हा शब्द मात्र खरा असू शकत होता. कोणीतरी मला दिली, किंवा कोणीतरी मला टाकली. दोन्हींत मी इथेच आले असते, ह्याच चाळीत, ह्याच बंद दाराआड, हेच कुळथाचं पिठलं खात. तरी मला दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक वाटत होता. अजूनही वाटतो.

"आये, माका दिली काय टाकली?"

"जेव."

कोणी सांगत नाही म्हटल्यावर मी आपली आपण लिहायला लागले. भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर माझ्या जन्माच्या तीन गोष्टी आहेत. पहिलीत ती बाई मेली होती, कारण मेलेल्या माणसाला कोणी बोल लावत नाही. दुसरीत तिला विसरण्याचा आजार होता. तिसरीत आगगाडीत चुकामूक झाली होती आणि ती अजून देशभर मला शोधत होती. तिसरी तीन पानांची आहे आणि तिच्यात अक्षर सगळ्यांत चांगलं आहे. चौथी मी लिहायला घेतली आणि थांबले. चौथीत ती बरी होती, धडधाकट होती, तिला सगळं आठवत होतं, आणि ती नुसतीच निघून गेली होती. त्यानंतर त्या वहीत भूगोलच आहे.

दहावीचं वर्ष आलं. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस काका गावाहून आले. मी बाहेरच्या खोलीत प्रमेयं पाठ करत होते. आमची बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता, आणि पडद्याला कान नसतात असं घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"भावजी," आई म्हणाली, "ह्या खेपेक ता रक्ताचा काय काढू नकात. चेडू मोठा झाला आता."

"मगे देवाक कळतला कसा, कोणाक पास करूचा ता?"

"तेका म्हायत आसा. सात वर्सां झाली सांगान."

 काकांचा बशीत ओतून चहा पिण्याचा आवाज तेवढा आला. मी प्रमेय मिटून ठेवलं. मला राग आला होता. माझ्याबद्दलची एकच खरी गोष्ट ह्या घरात सात वर्षांपूर्वी एकदा बोलली गेली होती, तीही माझ्याशी नाही, नारळाशी. आणि आता ती तिथूनही काढून टाकत होते.

संध्याकाळी पाट मांडला. ह्या वेळी लालबागचे कोणी नव्हते, आम्ही चौघंच. दाराला कडी होती. नारळ, त्यावर जास्वंद. मला पुढे बसवलं. बाजूला माझं हॉल तिकीट ठेवलं होतं, बैठक क्रमांक वर येईल असं. काका उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या भावाचा चेडू. धावीच्या परीक्षेक बसता हा."

"व्हय म्हाराजा," आई आणि बाबा म्हणाले.

मी म्हटलं नाही. काकांना वाटलं माझं लक्ष नाही. त्यांनी माझ्याकडे बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. आई-बाबांनी पुन्हा होकार दिला. मी पुन्हा गप्प.

"काय झाला गे चेडवा?"

"काकानू," मी म्हटलं, "पत्तो अर्धो आसा."

बाबांनी मान खाली घातली. काका आईकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक प्रकारचं समाधान होतं, मी सांगितलं नव्हतं का, असं. मग ते पेचात पडले. प्रश्न दोन नियमांचा होता. अर्धवट पत्ता म्हणजे खोटं, आणि खोटं चालत नाही. पुरा पत्ता सांगायचा तर त्यांनाच माहीत नव्हता. काय माहीत नाही एवढं तरी जिला नीट माहीत होतं ती मी, आणि मी बाईमाणूस. काका बराच वेळ उभ्या उभ्या विचार करत होते. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. शेवटी ते पाटापासून एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "उभी रव. पण जोरान बोल. देवाक पुटपुटलेला आवडणा नाय."

मी उभी राहिले.  गाऱ्हाणं कसं सुरू करतात ते मला जन्मापासून पाठ होतं, आणि पुढचंही मी सात वर्षं मनात म्हणत आले होते.

"बा देवा म्हाराजा, मी ह्या घरातला चेडू. माका जन्म दुसऱ्या बायन दिल्यान. ती कोण, खंयची, ता माका म्हायत नाय. तिना माका दिल्यान काय टाकल्यान, ता पण म्हायत नाय. मार्क कमी पडले तरी चलात. ह्या एक कळव, म्हाराजा."

कोणीच काही म्हणालं नाही. "व्हय" म्हणावं तर कशाला, हाच प्रश्न होता. मी एकही गोष्ट सांगितली नव्हती, मला काय माहीत नाही तेवढंच सांगितलं होतं. मला वाटलं संपलं, आता आई म्हणेल, जेव.

आई भिंतीशी बसली होती. ती उठली नाही, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नारळाकडे बघत तिने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," आई म्हणाली. "तिना टाकल्यान नाय."

काकांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. एका संध्याकाळी दोन बायका, हे त्यांच्या हिशेबाबाहेरचं होतं.

"ती आमच्या हॉस्पिटलात बाळंत झाली. घोव तिका सोडून गेल्लो. आठ दिस ती माझ्या हातचा जेवली. नवव्या दिसाक पोर माझ्या वटीत घातल्यान. बोलली, काम मिळाला की येतंय, तवसर सांभाळ."

आई थांबली. नियमाप्रमाणे इथे होकार यायला हवा होता. आला नाही. तिने तसंच पुढे सांगितलं.

"वरसान ती परत इली, म्हाराजा. खंयसून पत्तो काढल्यान, माका म्हायत नाय. ह्याच दारात उभी रवली. नवी साडी नेसली होती. हातात पोराक टोपी होती, लोकरीची. बोलली, एकदा बघूचा आसा. मी सांगलंय, हय पोर नाय, ता गेला. आणि मी कडी लायलंय."

"ती सांजसर पायरेर बसान होती. मी फटीतसून बघी होतंय. पोर आत निजला होता. मी तेच्या तोंडार हात धरून बसलंय, जागा झाला तर रडात म्हणान. मगे ती उठान गेली. टोपी पायरेर ठेवल्यान. ती पण मी ठेवक नाय, म्हाराजा. भायरच्या भायर टाकलंय."

आईचा आवाज कुठे चढला नाही की फुटला नाही. डाळीत मीठ जास्त पडलं हे सांगावं तसं तिने सांगितलं. फक्त जोडलेले हात इतके घट्ट होते की बोटांची नखं पांढरी झाली होती.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना ह्यातलं किती ठाऊक होतं ते मी कधी विचारलं नाही. काका नारळाकडे बघत होते. कोणी बोलेना तेव्हा आई म्हणाली, "म्हणा कोणतरी."

मला तिचा राग आला होता. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही फारसा आला नाही. इतकी वर्षं मी ह्या बाईच्या मागे मागे "दिली काय टाकली" करत फिरत होते, आणि ही मला जेवायला वाढत होती. कोणी दुसरीच बाई एक दिवसभर पायरीवर बसून होती, मी भिंतीच्या अलीकडे, आणि मध्ये आईचा हात. तो हात मोडावा असं मला वाटलं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, माझ्या अंगातून एवढं मोठं ओझं उतरलं की मला खालीच बसावंसं वाटलं. ती आली होती. चौथी गोष्ट खोटी होती. ती नुसतीच निघून गेली नव्हती.

साक्षीला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आईने हात सोडले. काकांनी नारळ फोडला, पाणी सगळ्यांच्या तळहातावर दिलं. आधी आईला दिलं, एरवी बायकांना शेवटी देतात. मला अठ्ठावन्न टक्के मिळाले. काकांच्या मते पत्ता अजून थोडा कच्चा होता.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी पेपर देऊन आले तर आमचं दार सताड उघडं होतं. आई आत भाकऱ्या थापत होती. शेजारच्या काकू कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. "काय गो, कडी मोडली काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो. त्यानंतर ते दार दिवसा कधी लागलं नाही. कोणी येणार नव्हतं हे आईलाही कळत होतं. महिन्याभरात खरोखरच एक मांजर यायला लागलं.

त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही. मी काही विचारलं की आईचं उत्तर तेच, जेव. पण एक युक्ती मला सापडली होती. काही जाणून घ्यायचं असलं की मी बाजारातून नारळ आणायची, पाटावर ठेवायची आणि बाजूला उभी राहायची. आई पदराला हात पुसत यायची, "आता काय?" म्हणायची, आणि मग नारळाला सांगायची. असं करत करत मला बरंच मिळालं. मला जन्म देणारी ती बाई माझ्याहून बुटकी होती. तिला मासे बघूनच मळमळायचं. आयांच्या खोलीत ती एक गाणं गुणगुणायची, त्याची चाल आईला येत होती पण शब्द येत नव्हते. तिच्या गावाचं नाव आईने ऐकलं होतं आणि विसरली होती. ह्याबद्दल आईने देवाची वेगळी माफी मागितली. त्या सुट्टीत आमच्याकडे सोलकढी इतकी झाली की बाबा म्हणाले, "चेडवा, जरा वायच दम खा."

माझे दत्तकाचे कागद रीतसर झालेले आहेत. पुढे मी ते मागून घेतले आणि पाहिले. जन्मदात्या आईच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे, फूटपट्टीने ओढलेली. मला माझ्याबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं नारळांमधून आलेलं आहे.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा नारळ आणला. आई पाटासमोर उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "त्या आठ दिसात ती पोराक एका नावान हाक मारी. माका आठवता. मी पयल्यापासून इसराक नाय."

मग तिने ते नाव घेतलं. तिच्या मालवणी जिभेवर ते वेडंवाकडं झालं असणार, खरं कसं म्हणतात ते मला आजही ठाऊक नाही. ते मी इथे लिहिणार नाही. मी नुसती उभी राहिले. दार उघडं होतं, बाहेर काकूंनी पापड वाळत घातले होते.

आईने पहिल्यांदाच नारळावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"व्हय म्हण गे," ती म्हणाली. "नायतर देव धरूचो नाय."

मी म्हटलं, मोठ्याने. अंगात ताप नव्हता.